होंडा सिटीला बारीक स्टेपनी कोणती चालेल?

ए-३०४: नमस्कार मंडळी. आमच्या सिटीला सीएनजी बसवला. टायर १८५/५५ आर१६. डिकीत टाकी आणि मोठी स्टेपनी ठेवली की बॅगांना जागाच उरत नाही. गणपतीला चिपळूणला जायचंय. जुन्या स्पेअरच्या दुकानात स्विफ्टचं चाक मिळतंय, चार नटांचं. बसेल ना?

सी-१०१: बसेल की. दोन्ही गाड्यांचा पीसीडी, म्हणजे नटांच्या वर्तुळाचं माप, ४ बाय १००: चार नट, १०० मिमीचं वर्तुळ.

बी-५०२: दादा, पैसे देऊ नका अजून! पीसीडी जुळतो, पण स्विफ्टच्या रिमचं मधलं भोक ५४.१ मिमी आणि सिटीचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला गोल भाग, ५६.१. चाक हबवर चढणारच नाही. भोक मोठं करून देतो म्हणाला तरी नको म्हणा. शिवाय होंडाचा नट रिमला टेकतो तिथे गोलसर असतो, मारुतीचा निमुळता. टेकणंच चुकलं तर नट सैल होत जातो.

ए-३०४: बरं झालं विचारलं. दुसरं एक बारीक चाक आहे, टी१२५/७० आर१५ लिहिलंय.

बी-५०२: 'टी' म्हणजे तात्पुरतं. आता उंची काढू. १२५ मिमी रुंदीचे ७० टक्के ८७.५, ही टायरच्या बाजूची उंची, वरखाली मिळून १७५, त्यात १५ इंचाचे ३८१. झाले ५५६ मिमी. तुमचं चाक ६१०. पाच सेंटिमीटरच्या वर फरक! गाडी कलेल, आणि पुढे लावलं तर डिफरन्शियलला, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरना, सारखा ताण. टी१२५/८० आर१६ ची उंची ६०६ येते. ते शोधा, होंडाच्या हबला बसणाऱ्या रिमवर.

ए-२०२: पंक्चर किट पुरणार नाही का? २०२० मध्ये नियमच बदलला ना, किट आणि टायरप्रेशर दाखवणारी यंत्रणा असेल तर नव्या गाडीला स्टेपनीची सक्ती नाही.

बी-५०२: ताई, खिळा घुसला तर किट उत्तम. पण खड्ड्यात आपटून टायरची बाजू चिरली तर त्याचा काही उपयोग नाही, आणि पावसाळ्यात घाटात नेमकं तेच होतं. लहान मुलं सोबत असताना मी तरी चाकाशिवाय निघणार नाही.

सी-१०१: हवा नेहमीचीच, ३३?

बी-५०२: नाही काका, ६० पीएसआय. चाकावर लिहिलेलं असतं. पंक्चरवाले सवयीने ३३ वर थांबतात, उभं राहून भरून घ्यायची. वेग ८० च्या आत. पुढचं चाक गेलं तर मागचं मोठं पुढे आणायचं आणि बारीक मागे लावायचं, सिटी पुढच्या चाकांवर ओढते आणि ब्रेकचा जोरही पुढेच जास्त.

ए-३०४: शनिवारी टेप घेऊन जातो.

बी-५०२: टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा, आठवडा आणि साल. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. फार जुनं असेल तर सोडून द्या. आणि तिथेच पुढच्या हबवर लावून हाताने फिरवा, ब्रेकच्या कॅलिपरला घासायला नको.

ए-३०४: पंक्चर झाल्यावर काढलेलं मोठं चाक मात्र बारीक स्टेपनीच्या जागेत मावणार नाही.

बी-५०२: नाही मावत. मागच्या सीटवर ठेवावं लागेल. जुनी चादर टाकून ठेवा गाडीत, आणि पाच जणं निघणार असाल तर तो विचार आधीच करा.