बाळंतिणीचे पोट बांधावे का, आणि बांधायचे तर किती घट्ट?

शाहूपुरीकर

कोल्हापुरात लेक बाळंतपणाला माहेरी आली की डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, शेक-शेगडी आणि पोटाला पट्टा हे सारे ठरलेलेच असते. पहिल्या तीन गोष्टींविषयी माझी तक्रार नाही. मात्र ‘पोट सुटू नये म्हणून’ पट्टा आवळून बांधण्याची जी सक्ती घराघरांत होते, तिला माझा विरोध आहे.

बाळंत झाल्यावर गर्भाशय साधारण बेंबीपर्यंत असते आणि त्याचे वजन एक किलोच्या आसपास असते. ते रोज सुमारे बोटभर खाली सरकते, 10 ते 14 दिवसांत ओटीपोटात उतरते आणि सहा आठवड्यांत जवळपास मूळ आकाराला येते. हे काम ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचे आहे. बाळाला अंगावर पाजताना ते स्रवते, आणि म्हणूनच पाजताना ओटीपोटात कळा येतात. बाहेरून कितीही आवळले तरी गर्भाशय लवकर आकसत नाही आणि चरबीही झडत नाही. मग जेवण जात नाही, श्वास अडतो, असे बाळंतीण सांगत असताना ‘आम्हीही सोसले’ म्हणून तिला गप्प का बसवावे?

कागलकर मावशी

ताई, आपण ज्याला विरोध करत आहात ते आमचे बांधणे नव्हेच. आमच्याकडे मऊ झालेल्या सुती लुगड्याचे लांब पान घेतात, बाळंतिणीला उताणी निजवतात आणि कमरेच्या हाडापासून सुरुवात करून वर बेंबीच्या थोडे पुढपर्यंत वेढे देतात. शेवटचे टोक खोचायचे, पिन लावायची नाही. कापडाखाली तळहात सहज सरकला पाहिजे, नाही सरकला तर सोडून पुन्हा बांधायचे. जेवताना ते सैल करतात आणि रात्री काढून ठेवतात.

बाळ झाल्यावर पोट एकदम रिते वाटते, उठताना पोटाला हात लावून उठावे लागते आणि बाळाला घेऊन बसले की कंबर धरते, हे जिने अनुभवले आहे तिला त्या कापडाचा आधार काय असतो हे समजावून सांगावे लागत नाही. बारीक दिसण्यासाठी आमच्या आईने कोणाचेही पोट बांधले नाही.

राजारामपुरी फिजिओ

मी भौतिकोपचार करते आणि बाळंतपणानंतरच्या स्त्रिया माझ्याकडे नियमित येतात. मावशींच्या पद्धतीला माझी हरकत नाही, पण हल्ली बहुतेक घरांत बांधणे तसे राहिलेले नाही. रुंद इलॅस्टिकचा पट्टा बरगड्यांखाली ओढून बसवतात, आणि तोही दिवसभर.

गरोदरपणात पोटाचे दोन उभे स्नायू मधोमध एकमेकांपासून दूर होतात. ही फट पहिल्या आठ आठवड्यांत बरीचशी आपोआप कमी होते आणि पुढचे काम व्यायामाचे असते. पट्ट्याने पोट तात्पुरते सपाट दिसते, पण स्नायूंना बळ येत नाही. याहून मोठी काळजी ओटीपोटाच्या तळाची आहे. प्रसूतीत तो ताणलेला असतो, आणि तळ सैल झालेली पिशवी मधोमध आवळावी तसा सारा दाब त्याच्यावर खाली येतो. शिंकताना लघवीचे थेंब जात असतील किंवा अंग खाली उतरल्यासारखे वाटत असेल, तर घट्ट पट्टा त्याच दिवशी काढावा आणि डॉक्टरांना दाखवावे.

रंकाळा परिसर

माझे सिझर झाले होते, म्हणून मला पट्ट्याच्या बाजूने बोलणे भाग आहे. टाक्यांच्या भीतीने मी कुशीवरही वळत नव्हते. खोकला आला की टाके उसवतील असे वाटे. पट्टा बांधून दिल्यावर मी बाथरूमपर्यंत स्वतः चालत गेले. बाळंतपणानंतरचे काही आठवडे पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो आणि सिझरनंतर तो अधिक असतो, त्यामुळे लवकर चालू लागण्याला फार महत्त्व आहे. सिझरनंतरच्या पट्ट्यावर जे अभ्यास झाले, त्यांतील काहींत वेदना कमी झाल्याचे आणि चालणे सोपे गेल्याचे दिसले, तर काहींत विशेष फरक आढळला नाही. मला मात्र फरक पडला. एक त्रास खरा होता: बसले की पट्ट्याची खालची कड दुमडून नेमकी टाक्यांवर रुतायची, म्हणून पाजायला बसण्यापूर्वी तो काढावाच लागे.

वैद्यकन्या

ही रीत केवळ आजीबाईंची नव्हे, हेही नोंदवते. चरकसंहितेच्या शारीरस्थानात सूतिकेच्या पोटाला तूप व तेल लावून ते मोठ्या स्वच्छ वस्त्राने वेढावे, म्हणजे वायूला जागा न मिळाल्याने तो पोटात विकार करत नाही, असे सांगितले आहे. एवढ्या जुन्या आणि विचारपूर्वक सांगितलेल्या उपचाराला सक्ती म्हणून झटकून टाकू नये.

शाहूपुरीकर

आपण दिलेल्या संदर्भातही कारण वायूचे आहे, बांधा सुडौल होण्याचे नाही, आणि वस्त्र स्वच्छ असावे हे मुद्दाम सांगितलेले आहे. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये कापड दोन-दोन दिवस वाळत नाही. तेच दमट कापड पुन्हा गुंडाळले की कातडीच्या घडीत खाज आणि चट्टे येतात, आणि सिझरच्या टाक्यांना ओल तर मुळीच सोसत नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक सलते. उसाच्या पट्ट्यातील गावांत पोट बांधलेले आहे ना, मग आता काम करायला हरकत नाही, असे धरून चालतात. महिना उलटताच बाई वैरणीचा भारा डोक्यावर घेते आणि म्हशीच्या धारेला उकिडवी बसते. अंग बाहेर येण्याचे दुखणे अशाने ओढवते आणि ती लाजेने वर्षानुवर्षे कोणाला सांगत नाही. त्या बाईला पट्ट्यापेक्षा विश्रांती हवी आहे.

कागलकर मावशी

भाऱ्याचे आपण बोललात ते खरे आहे आणि ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. परंतु आमच्या घरात नेमके उलटे होते. पोट बांधलेले आहे तोवर ती बाळंतीण, तिला कोणी घागर उचलायला सांगायची नाही, हे सासऱ्यांपासून पोरांपर्यंत सर्वांना ठाऊक असते. कापड सुटले की दुसऱ्या दिवशी चूल तिच्याकडे येते. म्हणून सव्वा महिना मी ते सोडू देत नाही. पावसाळ्यात दोन पाने ठेवून शेगडीच्या उबेवर पुरती वाळवू, टाके असतील तर डॉक्टरांना विचारून बांधू, आणि लेकीने ‘आई, आवळते’ म्हटले की तत्क्षणी सैल करू. मात्र बांधूच नये, हे मला पटत नाही.