दोन मामा, एक भाची आणि ‘थ्री मेन’चा दुसरा भाग

धाकटा मामा, नाशिक:
‘थ्री मेन अँड अ लिटल लेडी’ (१९९०) सहा वर्षांच्या पोरीला दाखवण्यासारखा आहे का? पहिला भाग, तो तीन ब्रह्मचारी मित्र बाळ सांभाळतात तो, तिने चारदा बघितलाय. लंगोट बदलायच्या सीनला लोळून हसते, कारण आमच्याकडे तेच झालं होतं. ती चार महिन्यांची असताना ताई माहेरी आली, मग ताईला नाइट ड्युटी लागली. दादा लंगोटाची इस्त्रीच्या शर्टासारखी घडी घालायचा आणि उचलल्याबरोबर तो सुटायचा. शाळेचे रिक्षावाले काका अजून विचारतात, आज मोठा मामा की धाकटा? आता फेब्रुवारीत ताईचं लग्न आहे, दोघी पुण्याला जाणार. दुसऱ्या भागातही आई पोरीला घेऊन जाते म्हणे. म्हणून विचारतोय.

शेवटची रांग:
पहिल्याच्या पासंगालाही पुरत नाही. तो दिग्दर्शक लेनर्ड निमॉयचा, १९८७ साली अमेरिकेत सगळ्यांत जास्त चाललेला. दुसरा एमिल आर्डोलिनोचा. यात ते बाळ, म्हणजे मेरी, पाच वर्षांची, आई एका इंग्रज दिग्दर्शकाशी लग्न करून इंग्लंडला निघालेली. तो पोरीला बोर्डिंगात टाकायच्या बेतात. शेवटी तिघांपैकी एक जण पाद्री बनून लग्न लावतो, म्हणजे ते लागतच नाही. तिघांतला टॉम सेलेक गप्प उभा राहतो तेवढे सीन मात्र बघा.

पंचवटीकर मावशी:
मूळ फ्रेंच सिनेमा १९८५चा, कोलिन सेरोचा. तिने पुढचा भाग थेट २००३ला काढला, पोरगी अठरा वर्षांची झाल्यावर. घाई नाही केली. या अमेरिकन भागात नवा बाबा खलनायक आहे, तेच पोरीच्या डोक्यात बसेल. तुमचे होणारे भावोजी कसे आहेत? आधी त्यांना आणि भाचीला जोडीने गंगेवर पाठवा. तुम्ही दोघं घरी थांबा.

धाकटा मामा, नाशिक:
भावोजी चांगले आहेत हो, तीच तर पंचाईत. राग तरी कशाचा धरायचा?
काल रात्री लावलाच. इंग्लंड यायच्या आधीच पोरगी दादाच्या मांडीवर झोपली. त्याच्या पायाला मुंग्या आल्या, पण गडी हलला नाही. ताईने मात्र शेवटपर्यंत बघितला. टीव्ही बंद करताना म्हणाली, “लग्नात भटजींशेजारी आईला बसवणारे. तुम्हा दोघांचा भरवसा नाही.”