श्रीखंड संपलं, डबा उरला : तुमच्याकडे त्याचं पुढं काय होतं?

परवा ओट्याखालचं कपाट आवरलं. श्रीखंडाचे अर्ध्या किलोचे अकरा डबे, दह्याचे कप, आईस्क्रीमच्या चौकोनी डब्या आणि कशालाच न बसणारी सात झाकणं निघाली. टाकवत तर नाहीत. सोलापूरकरांनो, तुम्ही काय करता ते सांगा, वर आपला भाग लिहून. खरंच केलेलं सांगा, फसलेलं तर नक्कीच. माझ्यापासून सुरुवात करते : एका डब्यात ती सात झाकणं भरून ठेवली आहेत.

जुळे सोलापूर
आमच्याकडे नळाला रोज पाणी नाही, चार-पाच दिवसांनी येतं. एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवरची तुळस तेवढा धीर धरत नाही. दह्याच्या कपाला तळाशी तापवलेल्या सुईनं भोक पाडलं आणि कप कुंडीत अर्धा पुरला. पहिल्यांदा सगळं पाणी पंधरा मिनिटांत खाली. मग फाटक्या सोलापुरी चादरीचा सुती दोरा काढून भोकातून ओवला, आतून गाठ मारली. आता रात्री भरलेला कप सकाळपर्यंत पाझरतो.
फसलेलंही ऐका. कुंड्यांखाली ताटली म्हणून आईस्क्रीमच्या डब्या ठेवल्या होत्या. आठवड्याभरात त्यात अळ्या वळवळायला लागल्या. नुसतं पाणी ओतून भागत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी डबीच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. घासूनच काढावी लागतात. मी त्या डब्या काढूनच टाकल्या.

पूर्व भाग
आई बिड्या वळायची. बिडीला बांधायचा दोरा सुपातल्या तंबाखूत लोळायचा, गुंता व्हायचा, मग आम्हा पोरांवर राग निघायचा. कुणीतरी तिला खोबरेल तेलाची रुंद तोंडाची रिकामी बाटली दिली. झाकणाला भोक, आत रीळ, दोऱ्याचं टोक बाहेर. बास, गुंता गेला. परवा माझी लेक क्रोशाची लोकर अगदी तशीच डब्यात ठेवून विणत होती. तिला कुणी शिकवलं नव्हतं ओ.

बाळे
मुलगा पुण्यात शिकायला आहे. शेंगा चटणी श्रीखंडाच्या डब्यातून पाठवली तर म्हणतो, "आई, चटणीला वेलचीचा वास येतोय." कोरडं बेसन चोळा, ऊन द्या, काही उपयोग नाही. आता त्या डब्यात वड्या-लाडू जातात, चटणी काचेतून. डबे परत येत नाहीत ते वेगळंच.

होटगी रोड
आईस्क्रीमच्या पातळ डबीत गरम आमटी ओतली, डबी तिरकी झाली आणि आमटी ओट्यावर. तेव्हापासून तळ बघते. त्रिकोणात आकडा असतो : ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, त्यातल्या त्यात उष्णता सोसणारं. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचं पेट प्लॅस्टिक, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन. या दोन्हींत गरम काही नको. आकडा ५ असला तरी मी आमटी निवल्यावरच ओतते. एकदा पुसलाय ओटा.

बाळीवेस
आमच्याकडे दह्याचे कप जानेवारीसाठी राखलेले. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेत ६८ लिंगांना तैलाभिषेक करायला नंदीध्वज (सजवलेल्या उंच काठ्या) निघतात तेव्हा वाटेवर रांगोळी असते. एका कपात एक रंग, झाकण लावून पिशवीत. पांढऱ्या रांगोळीच्या झाकणाला बारीक भोकं पाडली की मोठा भाग हलवून भरता येतो, बोटं सोलपटत नाहीत. फक्त भोकं खिळ्यानं नको, सुईनं पाडा. खिळ्याच्या भोकातून भदाभदा सांडते.
जाता जाता : त्याच महिन्यात हळदीकुंकवाला वाण म्हणून पुन्हा प्लॅस्टिकच्या डब्याच मिळतात. मी मागच्या वर्षी आलेली एक यंदा दुसरीकडे दिली. ती परत आमच्याच जाऊबाईंकडे निघाली.

सात रस्ता
आमच्या वडिलांची शिस्त : एका डब्यात फ्यूजची तार आणि टेस्टर, दुसऱ्यात नळाचे वायसर. वर कागद चिकटवून नाव. लाईट गेली की पहिला डबा अंधारातही सापडतो, कारण त्याच्या झाकणाला रबर गुंडाळलेलं आहे. बाकी सगळं नेहमीचंच.

पुन्हा बाळे
धागा काढणाऱ्या ताई, ती सात झाकणं अर्ध्या किलोचीच आहेत का? माझ्याकडे बिनझाकणाचे तीन आहेत.