मदत हवी आहे: घरच्या साप्ताहिकात देशाच्या बातम्या कशा लिहायच्या?

नमस्कार मंडळी, दर रविवारी आम्ही घरचं एकपानी साप्ताहिक काढतो, बातम्या, खेळ, घरच्या घडामोडी, लेक लिहिते आणि मी सांगलीला आजीला व्हॉट्सअ‍ॅप करतो. या वेळी महिला क्रिकेट वर्ल्डकपची फायनल, 2 नोव्हेंबर 2025 ला डी वाय पाटील स्टेडियमवर भारताने दक्षिण आफ्रिकेला 52 रननी हरवलं, शेफालीचे 87, दीप्तीच्या 5 विकेट, पण आजीला आधी सांगलीची स्मृती मानधनाच हवी! घरची हेडलाइन 'डब्यातली भेंडी पुन्हा नाबाद परत', हे लेकीला झकास जमतं. देशाच्या बातम्या आल्या की मात्र थेट शाळेचा निबंध होतो. तिसरीतल्या पोरीला महागाई, निवडणूक हे कुणाची टिंगल न करता गमतीत कसं लिहायला सांगू? कुणाकडे एखादा नमुना असेल तर टाका ना प्लीज, शनिवारपर्यंत मिळाला तर फार बरं होईल.