पोर्तुगालची स्वतःची मोटार का टिकली नाही?

म्हापसेकर: मुक्तीपूर्वी गोव्यात मर्सिडीज आणि ओपेलच्या गाड्या टॅक्सी म्हणून धावत, असे मी आजोबांकडून ऐकले आहे. या दोन्ही गाड्या जर्मन. ज्यांचे राज्य होते, त्या पोर्तुगालची गाडी मात्र त्यांच्या आठवणीत एकही नाही. त्या देशाने मोटारी कधी बनवल्याच नाहीत का?

फोंड्याचा वाचक: बनवल्या, पण उशिरा. १९७७ साली लिस्बनमध्ये यूएमएम ही कंपनी उभी राहिली आणि कुर्निल या फ्रेंच माणसाने शेतीच्या कामासाठी आखलेल्या जीपसारख्या गाडीचा आराखडा घेऊन तिने उत्पादन सुरू केले. इंजिन प्यूजोचे डिझेल, बांधणी ओबडधोबड पण दणकट. त्यामुळे पोर्तुगीज सैन्याने ती वापरली आणि पॅरिस-डाकार शर्यतीतही ती उतरली. १९८०च्या दशकात सादो ५५० नावाची दोन आसनी चिमुकली गाडीही निघाली होती, तिला जपानी दाइहात्सूचे ५४७ सीसी इंजिन होते. म्हणजे नाव पोर्तुगीज असले, तरी इंजिन दोन्ही वेळा परक्याचेच!

सत्तरीकर: याचे मूळ धोरणात आहे, असे मला वाटते. १९६०च्या दशकात पोर्तुगालने तयार गाड्यांच्या आयातीवर निर्बंध घातले, तेव्हा परदेशी कंपन्यांनी सुटे भाग आणून तिथेच जुळणी सुरू केली. टोयोटाच्या गाड्यांची ओव्हार येथील जुळणी १९७१ची. या व्यवस्थेत कामगार तयार झाले, पण आराखडा, इंजिन आणि नाव बाहेरचेच राहिले. पुढे १९८६ साली देश युरोपीय समुदायात गेल्यावर आयातीचे कुंपणही पडले आणि जेमतेम एक कोटी लोकांच्या बाजारात छोट्या कंपनीला तग धरणे अवघड झाले. आज पाल्मेला येथील फोक्सवॅगनचा कारखाना (१९९५ साली उत्पादन सुरू झाले तेव्हा फोर्डही भागीदार होती) वर्षाला दोन लाखांहून अधिक गाड्या काढतो आणि त्यांतील बहुतेक निर्यात होतात. आमच्या सत्तरीत भुईपालला बसगाड्यांचे सांगाडे तयार होतात, पण रस्त्यावर ती बस टाटाची म्हणूनच ओळखली जाते. पाल्मेलाची गोष्ट तीच, फक्त आकाराने मोठी.

म्हापसेकर: दोघांचेही आभार. मी कारखाना आणि कंपनीचे नाव यांत गल्लत करत होतो. यूएमएमच्या गाड्या पोर्तुगालमध्ये अजून रस्त्यावर दिसतात का?

फोंड्याचा वाचक: दिसतात. हौशी लोक त्या जपून ठेवतात आणि डोंगराळ वाटांवर आजही चालवतात.