बाथची सुलिस आणि आमचा देव्हारा: इथे कुणी अशी पूजा करतं का?

अबोली_ब्रिस्टल

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, कारण विषय ऐकून निम्मे हसतील आणि निम्मे उपदेश करतील. तरी लिहितेच.

मी मूळची वाईची, आता ब्रिस्टलला. बाथ इथून रेल्वेने पाव तासाच्या आत, त्यामुळे देशातून कुणीही आलं की त्यांना रोमन बाथ्स, म्हणजे तिथल्या गरम झऱ्यावरची रोमनांची जुनी स्नानगृहं नि देऊळ, दाखवायला न्यायचं काम माझ्याकडे. पाहुणे हिरव्या पाण्याचे फोटो काढतात, ऑडिओ गाइड कानाला लावून एक चक्कर मारतात आणि चहा कुठे मिळेल म्हणून विचारतात. मी मात्र दर वेळी आतल्या बाजूला, जिथे झऱ्याचं पाणी लालसर दगडांवरून वाफाळत बाहेर येतं, तिथेच रेंगाळते. आणि त्या झऱ्याची देवी सुलिस मिनर्व्हा हिच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या मुखापुढे. 1727 साली गटाराचा चर खणताना मजुरांना सापडलेलं ते ब्राँझचं मस्तक. शिरस्त्राण गेलंय, गालावर गंज चढलाय, पण नजर समोर. हात आपोआप जोडले जातात. आजूबाजूचे बघतात, बघू देत.

वाईला आमच्या घाटावर कृष्णाबाईचा उत्सव असतो, त्यामुळे पाण्याला देवी मानणं मला नवं नाही. गेल्या हिवाळ्यापासून घरी देव्हाऱ्याशेजारी एक तांब्याची वाटी ठेवलीय. सकाळी ताजं पाणी भरते, दिवा लावते, सुलिसचं नाव घेते. नवऱ्याची हरकत नाही, तो नास्तिक आहे, त्याला सगळे देव सारखेच. आई मात्र व्हिडिओ कॉलवर वाटी बघून म्हणाली, "हे काय नवीन खूळ?"

इंटरनेटवर पेगन, म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीचे देव मानणारे, म्हणून शोधलं तर स्फटिक, टॅरो आणि काळे झगे. मला त्यातलं काही नकोय. देवी खरी आहे असं मानून रोज साधेपणाने पूजा करणारी माणसं या भागात आहेत का? त्यांच्यात आपल्यासारखीने जायचं कसं? आणि रोज नेमकं करायचं काय? तिची आरती नाही, पोथी नाही, कुणी शिकवणारं नाही.

तिरपागडा

तेहतीस कोटी पुरले नाहीत का ताई? रोमन गेले, देवी रिटायर झाली. तिचं पेन्शन तुम्ही कशाला पुन्हा सुरू करताय? (हलकेच घ्या.)

आता जरा गंभीरपणे. तुमच्या कृष्णाबाईला पिढ्यान् पिढ्यांचा आधार आहे. ही ब्रिटिश पेगन मंडळी 1950 नंतरची. जादूटोण्याचा जुना कायदा 1951 ला रद्द झाला आणि लगेच विक्का या चेटूकपंथाचा प्रवर्तक जेराल्ड गार्डनर याच्यासारखे लोक "आमची परंपरा प्राचीन" म्हणत पुढे आले. मधली दीड हजार वर्षं पुजारी नाही, देऊळ नाही, काही नाही. पुस्तकं वाचून बसवलेलं नाटक आहे ते. संग्रहालयातल्या मूर्तीला नमस्कार करा, छान वाटतं, पण समाज वगैरे शोधायला गेलात तर निराशाच पदरी येईल.

गावरहाटी

तिरपागडा, तुमचं निम्मं बरोबर आहे. ते वर्षातले आठ सण, साउइनपासून शरद संपातापर्यंतचं चक्र, आजच्या रूपात 1950 च्या दशकातच बसवलं गेलं. पण ही बातमी इथल्या पेगनांना देऊ नका, त्यांना ती तुमच्याआधीपासून ठाऊक आहे. ब्रिस्टल विद्यापीठातल्याच एका इतिहासकाराने त्यांच्या प्राचीनतेचे दावे पुराव्यानिशी खोडले आणि त्याला मी ऐकायला गेलो तेव्हा हॉल भरला होता तो याच लोकांनी. चिडलेलं कुणी दिसलं नाही. देव जुने, पद्धत नवी, एवढं म्हणून ते मोकळे होतात. आमच्याही गावात गणपतीपुढे लागणारी निम्मी गाणी माझ्या आज्याने ऐकली नव्हती.

अबोली, मी कणकवलीकडचा, बरीच वर्षं विल्टशरमध्ये आहे आणि तुम्ही म्हणता तसल्या मंडळींत ऊठबस आहे. तर सांगतो.

आधी सुलिसबद्दल, कारण "शिकवणारं कुणी नाही" हे तितकंसं खरं नाही. तिच्या भक्तांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय. झऱ्यातून शिशाच्या नि कथलाच्या पातळ पत्र्यांच्या सुमारे 130 चिठ्ठ्या निघाल्या, बहुतेक 1979-80 च्या उत्खननात. टोकदार काडीने कोरायचं, पत्रा दुमडायचा आणि पाण्यात सोडायचा. मजकूर काय? चोरीची तक्रार! डोसिलियानस नावाच्या इसमाचा टोपीचा झगा चोरीला गेला. तो परमपवित्र देवी सुलिसला सांगतो की चोर बाई असो वा बाप्या, गुलाम असो वा स्वतंत्र, माझा झगा तुझ्या देवळात आणून टाकीपर्यंत त्याला झोप लागू देऊ नकोस, पोरबाळ होऊ देऊ नकोस. दुसऱ्या एकाचे नुसते हातमोजे गेलेत, तर चोराची बुद्धी आणि डोळे दोन्ही जावेत म्हणतो. काहींनी अक्षरं उलटी लिहिलीत.

मी संग्रहालयात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्याने हसलो. हे तर गाऱ्हाणं! आमच्याकडे रवळनाथापुढे गावकार उभा राहून सांगतो, "जो कोणी वाकड्या नजरेन बघीत असात त्येका सरळ कर रे म्हाराजा," आणि मागचे सगळे "व्हय म्हाराजा!" तीच मांडणी, तोच हक्क. "बाई असो वा बाप्या" हा वकिली काटेकोरपणासुद्धा तोच, म्हणजे देवाला पळवाट नको. आणि काम झाल्यावर नवस फेडायचा. देवळाच्या परिसरात एक दगडी वेदी मिळालीय, ऑफिडियस नावाच्या मालकाच्या क्षेमासाठी त्याने मुक्त केलेल्या गुलामाने बोललेला नवस आनंदाने आणि रास्तपणे फेडला, असं तिच्यावर कोरलंय. गायस कॅल्पर्नियस रिसेप्टस या तिच्या पुजाऱ्याची समाधीशिळाही आहे, पंचाहत्तर वर्षं जगला, शिळा बायकोने बसवली, आणि ती बायको त्याचीच मुक्त केलेली दासी. तेव्हा रोज काय म्हणायचं याची चिंता करू नका. आपल्या भाषेत गाऱ्हाणं घाला. तिला लॅटिनच लागतं असं मानायचं कारण नाही, ती रोमनांच्याही आधीपासून तिथे आहे. त्यांनी आल्यावर तिला आपल्या मिनर्व्हा देवीशी जोडलं, बस्स.

रोजचं म्हणाल तर तुमची वाटी आणि दिवा पुरेसा आहे. रोमन घरात देवघराची जागा असायची, नैवेद्याला धूप, दूध, मध, वाइन, थोडं धान्य. अर्पण करताना डोक्यावर वस्त्र ओढून घ्यायचे, तुम्ही पदर किंवा ओढणी घ्या, सवय असेलच. महिन्यातले तीन दिवस जास्तीचे: पहिली तारीख, मग पाचवी किंवा सातवी, मग तेरावी किंवा पंधरावी. मार्च, मे, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये उशिराची तारीख, बाकी महिन्यांत लवकरची. वर्षाचा सण हवा असेल तर मिनर्व्हाचा उत्सव 19 मार्चला लागतो, आमच्या ओळखीतल्या दोघीतिघी तोच सुलिसचा धरतात. त्या काळच्या एका लेखकाने नोंदवलंय की ब्रिटनमधल्या मिनर्व्हाच्या देवळातला अग्नी कधी विझत नसे आणि त्याची राख न होता दगडी गोळे उरत. सॉमरसेटचा दगडी कोळसा असणार तो. तेव्हा दिवा हे अगदी तिच्याच घरचं आहे.

एक मात्र ऐका. झऱ्यात नाणं, फूल, काही टाकायचं नाही आणि ते पाणी बाटलीत भरून आणायचं नाही. 1978 मध्ये त्या पाण्यातल्या अमिबाने एका मुलीचा जीव घेतला, तेव्हापासून जुन्या स्नानकुंडांत उतरणं बंद आहे. पंप रूममध्ये प्यायला मिळतं ते शुद्ध केलेलं असतं, तीर्थ म्हणून तेच घ्या. चव भयंकर. इथे विल्टशरमध्ये एव्हबरीच्या दगडी वर्तुळात किंवा वेस्ट केनेटच्या अश्मयुगीन थडग्यात गेलात तर मेणबत्त्या लावू नका. लोक लावून जातात आणि पाच हजार वर्षांचे दगड काजळीने काळे होतात. झाडाला चिंधी बांधायची तर कुजणारी सुती, नायलॉन नको, फांदीला फास बसतो.

आता माणसं. इथे त्याला मूट म्हणतात. महिन्यातून एकदा पबच्या मागच्या खोलीत जमायचं. 1971 पासून पेगन फेडरेशन नावाची संस्था आहे, तिच्या माहितीतून जवळचे मूट सापडतात. पहिल्या दिवशी झगे शोधत जाऊ नका. भूगोलाच्या निवृत्त बाई, एक प्लंबर, दोन नर्सेस, एक विद्यार्थी, असा मेळ असतो. निम्मा वेळ गप्पा पार्किंगच्या आणि मांजरांच्या. कुणी जुन्या केल्टिक पुरोहितांच्या नावाने चालणारे ड्रुइड, कुणी विक्कन, कुणी नॉर्स म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या देवांचे. "तुझा विश्वास काय" हे सहसा विचारत नाहीत, "तू काय करतेस" विचारतात. तिथे तुम्ही "रोज सकाळी वाटी भरते" म्हणालात की कान टवकारतील, कारण रोज करणारे थोडेच. बहुतेकांचं पुस्तकांचं कपाट मोठं आणि देवघर धुळीत. आपल्याकडे देव्हारा बघत वाढलेल्या माणसाला इथे उलट मान मिळतो, कधी कधी जरा जास्तच. "तुम्ही भारतीय म्हणजे जिवंत परंपरेतल्या" म्हणून तुम्हाला गुरू करायला निघतील, तेव्हा चहा मागवून विषय बदलायचा.

सुलिसवालेच हवेत असा हट्ट धरलात तर एकट्या पडाल. मूटमध्ये नियमित जा, त्यातून दोघंतिघं गाठ पडतील.

उत्तरध्रुव

गावरहाटींनी एक गोष्ट सांगितली नाही ती मी सांगतो. मी आइसलँडमध्ये, रेक्याविकला असतो. नॉर्स देव मानणाऱ्या गटांत, विशेषतः ब्रिटन-अमेरिकेत, काही असे आहेत जे म्हणतात की हे देव फक्त त्यांच्या वंशाचे. आपल्यासारखा सावळा माणूस दिसला की "तुमचे तुमच्याकडे आहेत की" सुरू. अशा गटाच्या वेबपानावर रक्त, पूर्वज, वारसा हे शब्द दर दोन ओळींनी येत असतील तर तिथे जायचं कष्ट घेऊ नका. याविरुद्ध असलेले गट स्वतःहून "सर्वांना खुलं" असं लिहितात. 2016 मध्ये अनेक गटांनी एकत्र निवेदनच काढलं होतं, हावामाल या जुन्या काव्यातल्या 127 व्या कडव्याचं नाव देऊन. वाईट दिसलं तर वाईट म्हण, असा त्याचा आशय.

इथली आउसात्रू, म्हणजे जुने नॉर्स देव मानणाऱ्यांची, संघटना 1972 ला स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी सरकारने मान्यता दिली. पहिला प्रमुख स्वेइनब्योर्न बेइन्टेइन्सन हा मेंढपाळ शेतकरी आणि जुन्या चालीवर पद्यं म्हणणारा. सध्याचे प्रमुख हिल्मार ओर्न हिल्मार्सन संगीतकार आहेत. 2015 ला त्यांना परदेशातल्या कडव्या पेगनांकडून शिव्यांची पत्रं आली, कारण ही संघटना समलिंगी जोडप्यांची लग्नं लावते. त्यांनी ढिम्म दाद दिली नाही.

मी सभासद नाही, पण त्यांच्या ब्लोतला, म्हणजे अर्पणविधीला, जातो. थंडीत उघड्यावर गोल उभं राहायचं, जुनं पद्य म्हटलं जातं, शिंग हातोहात फिरतं, तुम्ही देवाचं किंवा पूर्वजाचं नाव घ्यायचं, थोडं जमिनीवर ओतायचं. मी आजीचं नाव घेतो. कुणी विचारलं नाही की तुझी आजी कुठली.

तिरपागडा

आजीचं वाचून गप्प बसलो. पण अबोलीताई, एक खराच प्रश्न. आईला काय सांगणार?

अबोली_ब्रिस्टल

सगळ्यांचे आभार, तिरपागडांचेसुद्धा. गावरहाटी काका, मला अहोजाहो नको, तुमच्या पुतणीच्या वयाची असेन.

आईला ती हातमोज्यांची चिठ्ठी वाचून दाखवली. ती हसत सुटली. मग म्हणाली, "बाईला न्याय मागतात म्हणजे कडक असणार. सोवळंओवळं काही आहे का तिचं?" खूळ हा शब्द परत आला नाही. मुलीने विचारलं की तिची शाळेतून गेलेली पाण्याची बाटली देवी शोधून देईल का. तिला गाऱ्हाणं घालू द्यावं का हे कळत नाहीये, कारण चोराचे डोळे जावेत वगैरे ती अगदी मनापासून म्हणेल.

मूट सापडलाय एक, बसने जाण्यासारखा. काका, पबमध्ये शाकाहारी काही मिळतं का? आणि वाइन घेतली नाही तर चालतं ना?

गावरहाटी

बरं, मग अगं म्हणतो. पोरीला सांग, बाटली परत आण एवढंच मागायचं, शिक्षा देवीवर सोपवायची. आणि मिळाली तर फेडायला काय देणार ते आधीच ठरवायला लाव, नाहीतर ती देवीलाही उधारीवर ठेवील.

वाइनची सक्ती नाही, मी लिंबाचं सरबत घेऊन बसतो. खायला चिप्स मिळतात, पण तळण कशात आहे ते काउंटरवर विचारून घे. काही ठिकाणी गाईची चरबी वापरतात.