तुर्कीच्या शाळांमधली सकाळची शपथ बंद केली ते बरोबर झालं का?

अंकारा_रिटर्न:
२०१७ ते २०१९ अंकाराला मास्टर्स करत होते. हॉस्टेलला रूममेट आग्नेय तुर्कीतल्या दियारबकिर शहरातली, घरी कुर्दी, म्हणजे तिथल्या कुर्द लोकांची भाषा, बोलणारी. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या वरच्या प्रशासकीय कोर्टाने निकाल दिला की शाळेतली जुनी शपथ बंद करणं चुकीचं होतं, आणि त्या संध्याकाळी आमच्या किचनमध्ये मुलींची जी जुंपली ती अजून डोक्यातून जात नाही म्हणून इथे विचारतेय.

माहीत नसेल त्यांच्यासाठी: ही शपथ १९३३ साली शिक्षणमंत्री रेशित गालिप यांनी लिहिली. प्राथमिक शाळेतली मुलं रोज सकाळी रांगेत उभी राहून म्हणायची. सुरुवात 'मी तुर्क आहे, मी सच्चा आहे, मी कष्टाळू आहे' आणि पुढे 'माझं अस्तित्व तुर्क अस्तित्वाला अर्पण असो'. २०१३ मध्ये सरकारने ती बंद केली, २०१८ ला कोर्टाने तो निर्णय फिरवला, मग सरकार अपिलात गेलं आणि २०२१ मध्ये शेवटी बंद ती बंदच राहिली.

माझं मत, बरं झालं बंद झाली. रूममेट पहिलीत गेली तेव्हा तिला तुर्की येतच नव्हतं, शपथ नुसती पाठ. अर्थ कळेपर्यंत दोनतीन वर्षं गेली आणि कळला त्या दिवशी घरी येऊन आजीला विचारलं, आपण तुर्क आहोत का? आजीने उत्तर दिलंच नाही, ताट वाढलं. आणि हीच मुलगी बायरामला, म्हणजे ईदला, घरी गेली की मोठ्यांचा हात हातात घेऊन ओठाला लावायची मग कपाळाला, आम्हालाही शिकवलं तिने. ती परंपरा कुणी रांगेत उभं करून शिकवली नव्हती तरी टिकली ना?

झेडपी_मास्तर:
ताई, तुमच्या मैत्रिणीचं वाईट वाटलं पण पटलं नाही. शपथेतली मधली ओळ तुम्ही गाळलीत, 'लहानांचं रक्षण करणं, मोठ्यांचा मान राखणं हा माझा नियम'. तुम्ही ज्या हाताला ओठ लावायच्या परंपरेचं कौतुक करताय तीच गोष्ट आहे ही, फक्त शाळेच्या भाषेत. आणि काळ बघा. १९२३ ला प्रजासत्ताक, १९२८ ला लिपीच बदलली, अरबीची लॅटिन केली, म्हणजे आजोबांचं पत्र नातवाला वाचता येईना. बाल्कनमधून, कॉकेशसमधून आलेले निर्वासित, वेगवेगळ्या भाषा, अशा लोकांचा एक देश करायचा होता, कशाने करणार? त्यांच्या राज्यघटनेतही तुर्क म्हणजे त्या राज्याचा नागरिक असाच अर्थ दिलाय. आम्ही पण रोज 'भारत माझा देश आहे' म्हणूनच वाढलो, काय बिघडलं?

अंकारा_रिटर्न:
सर, फरक तिथेच आहे. आपल्या प्रतिज्ञेत देशातल्या 'विविधतेने नटलेल्या' परंपरांचा अभिमान आहे असं म्हणतो आपण. मराठी मुलाला, तमिळ मुलाला तू तुझा नाहीस असं त्यात कुठे म्हणायला लावलंय? घटनेतला अर्थ वकिलाला कळतो सर, सहा वर्षांच्या पोरीला तुर्क म्हणजे तुर्की बोलणारा एवढंच कळतं. त्याच घटनेत तुर्कीशिवाय दुसरी भाषा मातृभाषा म्हणून शाळेत शिकवायची नाही हेही लिहिलंय. कुर्दी आता पाचवीपासून ऐच्छिक विषय म्हणून घेता येते, २०१२ पासून, पण गणित विज्ञान कुर्दीत नाहीच.

इझमीरची_आई:
चार वर्षं झाली इथे तुर्कीत, इझमीर शहरात राहतेय, मुलगा सातवीत, सरकारी शाळेत. मला दोघांशीही भांडायचंय.

शपथ काढली म्हणजे सक्ती गेली असं अंकारा ताईंना वाटतंय, तसं नाहीये. सोमवारी सकाळी आणि शुक्रवारी सुटताना राष्ट्रगीत आहेच, त्याला माझा विरोध नाही. पण १९८२ च्या घटनेपासून धर्माचा तास सक्तीचा आहे आणि तो मुख्यतः सुन्नी इस्लामचा. अलेवी हा तिथला सुन्नींपेक्षा वेगळा पंथ, त्या घरातली मुलं तिथे बसतात आणि आपल्या घरात नसलेली उपासना शिकतात. युरोपच्या मानवाधिकार कोर्टाने २००७ ला आणि पुन्हा २०१४ ला अलेवी पालकांच्या बाजूने निकाल दिला तरी तास चालूच. २०१७ ला नववीच्या जीवशास्त्रातून उत्क्रांतीचा धडा गेला. म्हणजे एक सक्ती काढली आणि दुसरी घट्ट केली, कुर्दी मुलांच्या प्रेमापोटी शपथ काढली यावर माझा विश्वास नाही. माझ्या शेजारच्या आजी म्हणतात आमची शपथ गेली म्हणजे प्रजासत्ताक उभं करणारा अतातुर्कच शाळेतून निघाला, त्यांचे डोळे भरून येतात बोलताना, त्यांना मी चूक कशी म्हणू.

आणि मास्तर, एकत्र आणायला शपथच लागते असं नाही. १० नोव्हेंबरला सकाळी ९ वाजून ५ मिनिटांनी, अतातुर्क गेले त्या वेळी, भोंगा वाजतो आणि रस्त्यातली गाडीसुद्धा थांबते, ड्रायव्हर उतरून उभा राहतो. २३ एप्रिल, १९२० ला संसद भरली तो दिवस, मुलांचा सण, त्या दिवशी मुलं मंत्र्यांच्या खुर्चीत बसतात. माझा मुलगा या दोन दिवसांना इतका मनापासून जातो की मला परकं वाटत नाही.

झेडपी_मास्तर:
धर्माच्या तासाचं माहीत नव्हतं, ते चूकच आहे, त्यात दुमत नाही. पण त्यामुळे शपथ चूक ठरत नाही, उलट ज्यात धर्माचं नाव नाही असं काहीतरी एक सगळ्यांनी मिळून म्हणावं हे जास्तच पटतं मला.

एक मात्र कबूल करतो. मी सात वर्षं मेळघाटात होतो. कोरकू बोलणारी पोरं पहिल्या दिवशी माझ्याकडे बघत बसायची, मी मराठीत बोलतोय आणि एकही चेहरा हलत नाही. तीन महिने गेले मला त्यांचे शब्द शिकायला, मग कुठे वर्ग बोलायला लागला. प्रतिज्ञा मात्र पहिल्या आठवड्यापासून घडाघडा म्हणायची. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा.

अंकारा_रिटर्न:
सर, तुमचं ते मेळघाटचं सगळं मी रूममेटला तुर्कीत करून पाठवलं. तिचं उत्तर आलं, तुमच्या सरांनी तीन महिने घेतले ना, आमच्या सरांनी एक दिवसही घेतला नाही. आता ती स्वतः पूर्व तुर्कीतल्या व्हान शहराजवळच्या गावात शिकवते. २४ नोव्हेंबरला, तिथल्या शिक्षक दिनाला, पोरं रानफुलं आणतात आणि हाताला ओठ लावतात, आणि तिला 'ओरेत्मेनिम' म्हणतात, माझ्या बाई. मधल्या सुट्टीत ती त्यांच्याशी कुर्दीतच बोलते.

इझमीरची_आई:
तिला सांभाळून राहायला सांगा. आणि माझ्याकडून नमस्कार कळवा.